डुडेक ‘हो’ म्हणतो

फ्लोरियन डुडेकची पांढरी गाडी गल्लीत शिरली की माणसं आपापल्या घरामागे धावत. कुणी पोर्चवरचं जुनं कपाट आत ओढे, कुणी डगमगत्या कठड्याला घाईघाईने फुलांची कुंडी टांगे, आणि एका म्हातारीने तर मोडक्या पायरीवर चक्क आपला नवराच बसवून ठेवला होता.

“ते उठायचे नाहीत,” ती म्हणाली. “कंबर धरलीय त्यांची.”

फ्लोरियनने म्हातारबाबांची आस्थेने चौकशी केली, काखेत हात घालून त्यांना अलगद उचलून बाजूला ठेवलं, पायरी निरखली आणि म्हणाला, “नाही.”

शिकागोतल्या जुन्या तिमजली घरांच्या पाठीला असा एकेक लाकडी पोर्च चिकटलेला असतो. जिने, कठडे आणि मजल्यामजल्याला एक सज्जा. लोक त्यावर कपडे वाळवतात, मांस भाजतात, भांडतात, समेट करतात आणि उन्हाळा आला की हातात बिअर घेऊन अख्खं खानदान त्यावर उभं करतात. हे पोर्च तपासायचे आणि धोक्याचे असतील तर तसं सांगायचं, ही फ्लोरियनची नोकरी. मिसरूड फुटल्यापासून मिशी पिकेपर्यंत त्याने हेच केलं होतं. त्याच्या ‘नाही’त राग नसे आणि तोराही नसे. डॉक्टर एक्सरे उजेडाकडे धरून जसा सुस्कारा सोडतात, तसं ते ‘नाही’ होतं. माणूस उंचापुरा, खांदे पडलेले, चेहरा रविवारच्या प्रार्थनेला उशिरा पोचल्यासारखा. हातात लहानशी हातोडी. तिने तुळईवर टकटक केलं की घरमालक डोळे मिटून घ्यायचा.

अडचण एवढीच होती, की हातोडी संध्याकाळी गाडीत ठेवता येई, पण ‘नाही’ घरी यायचं. बायको मार्लीन विचारायची, “सूप वाढू?” फ्लोरियन म्हणायचा, “नाही,” आणि दोन वाडगे प्यायचा. मार्लीनला त्याची सवय होती. पण मिलवॉकीहून मुलीचा, जोआनाचा फोन आला, “बाबा, मी लग्न करतेय,” तेव्हाही हा बोलून गेला, “नाही.”

“अहो, अजून मुलाचं नाव तरी कुठे सांगितलंय मी!”

फ्लोरियनला खरं तर आनंद झाला होता. पण तो जिभेपर्यंत पोचेस्तोवर फोन बंद झाला होता. मार्लीनने मध्यस्थी केली, लग्न झालं, जावई सालस निघाला. तरी जोआना ते विसरली नाही. त्या नाताळात तिने वडिलांच्या हातात एक पाकीट ठेवलं. आत आठ आठवड्यांच्या नाट्यवर्गाचं प्रवेशपत्र होतं.

“तिथे एकच गोष्ट शिकवतात, बाबा. ‘हो’ म्हणायला.”

“नाही,” फ्लोरियन म्हणाला.

“जाणार आहे तो,” मार्लीन म्हणाली.

तर असा आमचा डुडेक त्या नाटकवाल्यांत जाऊन पडला. शिकागोत हे लोक पावसाळ्यात कुत्र्याच्या छत्र्या उगवाव्यात तसे गल्लोगल्ली उगवलेले आहेत. ह्यांचं नाटक कुणी लिहिलेलं नसतं आणि कुणी पाठ केलेलं नसतं. दिवे लागले की एकजण पुढे येऊन प्रेक्षकांना म्हणतो, “एखादा शब्द द्या,” आणि कुणीतरी ओरडून दिलेल्या त्या शब्दावर हे उभ्या उभ्या नाटक रचतात. नियम दोनच. समोरच्याने जे म्हटलं ते खरं मानायचं, आणि त्यात आपली भर घालायची. तो म्हणाला आपण चंद्रावर आहोत, की आपण म्हणायचं, “हो, आणि इथे भाजी काय महाग झालीय!” ह्या धंद्यात ‘नाही’ म्हणणं म्हणजे जेवणाच्या पंगतीत ताट लाथाडण्यासारखं.

त्याच्या वर्गाच्या बाई होत्या योलँडा पेटिस. सातवीच्या मुलांना आयुष्यभर हाकून निवृत्त झालेली कृष्णवर्णीय बाई, आवाज देवळाच्या घंटेसारखा, आणि हाक मारायची ती आडनावाने. पहिल्याच दिवशी तिने फ्लोरियनची जोडी ओडालिसशी लावली. ओडालिस ही पॅनकेकच्या हॉटेलात वाढप्याचं काम करणारी क्यूबन पोरगी, वय फ्लोरियनच्या मुलीपेक्षाही कमी आणि तोंड दोघांपेक्षा जास्त.

ओडालिस त्याच्यासमोर येऊन रडवेल्या सुरात म्हणाली, “डॉक्टर, माझ्या नवऱ्याचा टोस्टर झालाय हो!”

फ्लोरियनचं डोकं कोरं पडलं. दुसरं काही येत नव्हतं म्हणून त्याने तेच केलं जे त्याला येत होतं. त्या नसलेल्या टोस्टरभोवती तो शांतपणे एक फेरी मारून आला. गुडघ्यावर बसला. खालून पाहिलं. बोटाने टकटक केलं, कान लावला, आणि अत्यंत गंभीरपणे विचारलं, “कधीपासून?”

सगळा वर्ग हसून लोळला. योलँडासुद्धा हसली, आणि ती हसते अशी वर्गात कुणालाच कल्पना नव्हती.

फ्लोरियन घरी आला तो गाडी दारात लावून तसाच आत बसून राहिला. आजवर त्याने इतक्या वस्तू वाकून पाहिल्या, पण त्यामुळे कुणी खुश झालंय, असं कधी घडलं नव्हतं. मार्लीन चिंतेने खिडकीशी आली तेव्हा तो स्टिअरिंगवर टकटक करत स्वतःशीच म्हणत होता, “कधीपासून? कधीपासून?”

आठ आठवडे संपले. त्याने पुढचे आठ घेतले, मग त्याच्या पुढचे. शेवटी योलँडाने त्याला मंगळवारच्या चमूत घेतलं. चमूचं नाव ‘काकूचा ट्रॅक्टर’. ह्या लोकांची नावं अशीच असतात, कारण विचारू नये. नाट्यगृह गाद्यांच्या एका दुकानाच्या वर, साठ खुर्च्या, त्यातल्या काहींना पाठ होती. फ्लोरियन मंगळवारी संध्याकाळी जिना चढून वर आला की “फ्लो आला रे!” असा कल्ला व्हायचा. धिप्पाड डेझमंडचा धावत येऊन मिठी मारायचा रिवाज होता. विचार करा. दिवसभर ज्याला बघून लोक कपाटं हलवतात, त्या माणसाला बघून इथे लोक हात पसरायचे. शहरात हे एवढं एकच ठिकाण होतं, आणि आठवड्यात ही एवढी एकच संध्याकाळ.

मात्र तीन वर्षांत नाट्यगृहाच्या मागच्या दाराने त्याने कधी बाहेर पाऊल टाकलं नव्हतं. प्रयोग झाला की सारे मागच्या पोर्चवर बिअर प्यायला जमत आणि हा आतच खुर्च्या लावत बसे. “गुडघा दुखतो,” म्हणायचा. खरी गोष्ट ही, की तिथेही एक लाकडी पोर्च होता, जुना होता, आणि फ्लोरियनला तो बघायचा नव्हता. बघितला असता तर काहीतरी म्हणावं लागलं असतं.

एवढी काळजी घेऊनही त्याच्या घोड्याने पेंड खाल्लीच. वर्गात तो बरा होता, पण साठ खुर्च्यांपुढे उभं केलं आणि डोळ्यांत दिवे गेले की त्याच्या डोक्यातलं सामान कुणीतरी ट्रक लावून उचलून न्यायचं. समोरचा बोलतोय हे दिसायचं, ऐकू यायचं नाही. तळव्यांना घाम. कान गरम. मग जीभ बिचारी तिला ठाऊक असलेल्या एकमेव जागी जाऊन लपायची.

“कॅप्टन, वादळ येतंय! शिडं उभारू?” डेझमंड ओरडायचा.

“नाही. आधी कठडा बघू.”

“राजकन्ये, ह्या दोरीच्या पुलावरून पळ!” ओडालिस ओरडायची.

“नाही,” हा राजकन्या असून म्हणायचा. “हा पूल कुणी मंजूर केला?”

पहिल्यांदा लोक हसले. दुसऱ्यांदा थोडे हसले. मग हसेनासे झाले. नाटक हवेत बांधलेलं असतं, त्याच्या पायाशी एकाने ‘नाही’ म्हटलं की बाकीचे हात वर करून उभे राहतात आणि खालच्या गाद्यांच्या दुकानातला पंखा ऐकू येतो. तो पंखा फ्लोरियनने फार ऐकला. अशा रात्री घरी गेल्यावर तो जेवत नसे. मार्लीनने आवडीचं सॉसेज आणि आंबट कोबी पुढे ठेवला तरी “नाही” म्हणे, आणि खरंच खात नसे. तेव्हा ती घाबरायची.

“डुडेक,” योलँडा त्याला एकदा बाजूला घेऊन म्हणाली, “मी सातवीची पोरं सांभाळलीत. सारखं ‘नाही’ म्हणणारं पोर वांड नसतं, भ्यालेलं असतं. तुला वाटतं, ‘हो’ म्हटलं की सगळं कोसळेल.”

“कोसळतंच,” फ्लोरियन म्हणाला. “मी पाहिलंय.”

योलँडाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग म्हणाली, “इथे कोसळू दे. इथे लाकूड नाहीये, हवा आहे.”

त्याला पटलं. जिभेला पटलं नाही. जूनमधल्या एका प्रयोगात ओडालिस आई झाली होती आणि ओंजळीत बाळ आणून म्हणाली, “बघ ना, आपला मुलगा!” आणि फ्लोरियन म्हणाला, “नाही.” प्रेक्षकांतली एक बाई “अगं बाई!” असं म्हणाली ते सगळ्यांना ऐकू आलं.

त्या दिवशी योलँडाने निकाल सांगितला. “पुढचा मंगळवार. मी पहिल्या रांगेत बसेन. एक ‘नाही’ ऐकलं, की तू ल्यूथरबरोबर दिव्यांवर. बाहेर पोरं रांग लावून उभी आहेत, डुडेक. मला तुझी जागा अडवून धरता येणार नाही.”

दिव्यांची खोली म्हणजे पाणी तापवायच्या टाकीमागची फळकुटांची खोपटी. ल्यूथर तिथे बसतो असं म्हणत, त्याला पाहिलेला माणूस विरळा. तिथे गेलेल्याला बघून कुणी हात पसरत नाही.

ज्याला आठवडाभरात साप हातात धरायला शिकायचंय तो रबराचा साप शोधतो. फ्लोरियनने तेच केलं. त्याने नाटक आधीच रचून ठेवायचं ठरवलं. आता, ह्या मंडळींत दारू चालते, घटस्फोट चालतो, भाडं बुडवलेलं चालतं, पण आधी रचून आणलेलं चालत नाही. ते पाप. आणि आपलाच माणूस प्रेक्षकांत बसवून त्याच्याकडून हवा तो शब्द ओरडवणं, ह्या पापाला तर त्यांच्याकडे नावसुद्धा नाही, कारण ते कुणी करेल असं कुणाला सुचलेलं नाही.

विषय ठरला मधमाश्या. मधमाश्यांना कठडा लागत नाही, जिना लागत नाही, त्यात ‘नाही’ म्हणण्यासारखं काहीच नाही, असा त्याचा हिशेब. मग त्याच्या मनात आलं, मधमाश्या पाळायला सरकारी नोंद लागते का? चौकशी केली, तर लागते. दोन दिवस बेचैन होता. तरी नेटाने त्याने विनोद रचले आणि कामावर पोर्चखाली वाकून ते घोकले. एका घरमालकाने वरून ऐकलं, “राणीसाहेब, हे घर ताबडतोब रिकामं करा!” आणि बिचाऱ्याने तिसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरीणबाईला बॅगा भरायला सांगितल्या.

शब्द ओरडायला माणूस निवडला तो मेहुणा. स्टॅश. मार्लीनचा धाकटा भाऊ, पोटाने मोठा आणि मनानेही. त्याला रविवारी स्वयंपाकघरात बसवून, पुढ्यात पिरोग्यांची, म्हणजे उकडलेल्या पोलिश करंज्यांची, बशी ठेवून फ्लोरियनने पढवलं.

“ती बाई म्हणेल, एक शब्द द्या. तू ओरडायचं, मधमाश्या.”

“मधमाश्या. मग?”

“मग काही नाही. गप्प बसायचं.”

“एवढ्यासाठी मी मंगळवारचं बोलिंग सोडू?”

“बिअर माझ्याकडून.”

“मधमाश्या!” स्टॅश तयारीनिशी ओरडला. शेजारचा कुत्रा भुंकला.

मार्लीन ओट्याशी उभी राहून हे ऐकत होती. “ह्याला तू शब्द लक्षात ठेवायला सांगतोयस? आपल्या लग्नात अंगठी सांभाळायला दिली तर ती घरी ठेवून खिशातून सॉसेज घेऊन आला होता.”

“अंगठी मिळाली ना शेवटी?” स्टॅश दुखावला.

“मिळाली. सॉसेज पण मिळालं, पाद्रीबाबांच्या हाताला.” मग ती नवऱ्याकडे वळली. “आणि फ्लो, हे चालतं का रे तुमच्यात?”

फ्लोरियनने पिरोगी तोंडात घातली. तोंडात पिरोगी असताना माणसाला बोलता येत नाही.

मंगळवार उजाडला, आणि फ्लोरियनला वाटलं त्याच्या दुप्पट वेगाने संध्याकाळ झाली. नाट्यगृह भरलं होतं. योलँडा पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसली होती. तिसऱ्या रांगेत मार्लीन, तिच्या शेजारी स्टॅश, आणि स्टॅशच्या हातात बिअर. ती पहिली नव्हती, हे त्याच्या गालांवरून कळत होतं.

दिवे लागले. ओडालिस पुढे आली. “नमस्कार मंडळी! आम्ही काकूचा ट्रॅक्टर! आम्हाला एक शब्द हवाय. कुठलाही!”

शांतता. एरवी ह्या शांततेत पाच-दहा आवाज येतात. त्या दिवशी येईनात, कारण तिसऱ्या रांगेतला एक गलेलठ्ठ माणूस उठून उभा राहिला होता आणि त्याने बोट वर केलं होतं. सगळे त्याच्याकडे बघत राहिले. स्टॅशने तोंड उघडलं. मिटलं. छताकडे पाहिलं. बाटलीत पाहिलं. आणि मग रंगमंचाच्या टोकाला भिंतीला टेकून उभ्या असलेल्या आपल्या मेहुण्याकडे बघून, घरात विचारावं तसं खणखणीत विचारलं,

“फ्लो, मी काय म्हणायचं होतं रे?”

गाद्यांच्या दुकानातला पंखा ऐकू आला.

मार्लीनने हातातली पर्स तोंडावर धरली. डेझमंडने फ्लोरियनकडे पाहिलं आणि लगेच बुटांकडे पाहिलं. योलँडाने हाताची घडी सोडली. ती नुसती बघत होती. फ्लोरियनच्या कानांपासून गळ्यापर्यंत लाली उतरत गेली. आयुष्यभर त्याने दुसऱ्यांच्या कुंड्या बाजूला करून मोडका कठडा दाखवला होता. आज कुंडी त्याची होती आणि ती साठ माणसांसमोर बाजूला झाली होती. मागचं दार दोन पावलांवर होतं. त्याने ते डोळ्यांनी मोजलंसुद्धा.

तेवढ्यात ओडालिस टाळी वाजवून म्हणाली, “धन्यवाद! आजचा शब्द मिळाला. ‘मी काय म्हणायचं होतं?’”

तिला दुसरं येतच नव्हतं. समोरून जे आलं ते घ्यायचं, हेच ती शिकली होती.

ती दोन पावलं मागे सरली, डोक्यावरची नसलेली ओढणी सारखी केली, हातात नसलेला गुच्छ धरला आणि फ्लोरियनचा थंडगार हात ओढून त्याला मध्यावर आणलं. “बाबा,” ती कुजबुजली, पण शेवटच्या रांगेला ऐकू जाईल अशी. “पाद्रीबाबा माझ्याकडे बघतायत. सगळे पाहुणे बघतायत. मी काय म्हणायचं होतं हो?”

मधमाश्या केव्हाच उडाल्या होत्या. फ्लोरियनच्या डोक्यात काहीच उरलं नव्हतं, भीतीसुद्धा नाही, कारण ज्याची भीती होती ते होऊन गेलं होतं. समोर एक मुलगी उभी होती. तिचं लग्न होतं. ती बाबांना विचारत होती.

त्याचे ओठ सवयीने ‘ना’च्या आकारात आले. पहिल्या रांगेने ते पाहिलं. योलँडाने तर नक्की पाहिलं. तो आकार तसाच थरथरत राहिला, आणि मग मोठ्या कष्टाने, जड कपाट सरकवावं तसा, सरकला.

“हो,” फ्लोरियन म्हणाला. “हो म्हण, पोरी.”

“हो!” ओडालिस नवरीने ओरडून सांगितलं. तिसऱ्या रांगेत मार्लीनने पर्स तोंडावरून डोळ्यांपर्यंत वर नेली.

डेझमंड धावत आला. “व्याही! अभिनंदन! काय झकास पोर्चवर लग्न ठेवलंत हो! आमच्याकडचे चाळीस पाहुणे खाली खोळंबलेत. येऊ देत ना वर?”

पोर्च! फ्लोरियनने खाली पाहिलं. तिथे नाट्यगृहाची फरशी होती, पण त्याला लख्ख दिसली ती पावसाने काळी पडलेली फळी, तिचे गंजके खिळे, कडेला बुरशी. चाळीस माणसं! त्याने एक पाय उचलून अलगद दाबून पाहिला. डोळे मिटले.

“हो,” तो म्हणाला, “आणि... त्यांना म्हणावं, एकेक करून या. आणि श्वास सोडून या.”

पहिला हशा फुटला तेव्हा तो दचकला. डेझमंडला मात्र रक्ताची चव लागली होती. “आमची आजी पियानोशिवाय कुठे जात नाही. पियानो आणू?”

फ्लोरियनच्या कपाळावर घाम आला, खराखुरा. गुडघे टेकून त्याने फळीला कान लावला. फळी काय म्हणाली ते त्याच्या तोंडावर दिसलं. “हो. आणि आजी हलकं गाणं वाजवेल ना?”

लोक खुर्च्या बडवत होते. चमूतली बाकीची पोरंही आत घुसली. कुणी पोल्का वाजवणारा बँड आणला, कुणी भाजायला अख्खं डुक्कर आणलं, कुणी पाण्याने भरलेला टब आणला आणि त्यात आधीच चार माणसं बसली होती. प्रत्येक वेळी सगळे फ्लोरियनकडे वळायचे, “चालेल ना?” आणि प्रत्येक वेळी हा माणूस दाढ उपटून घेत असल्यासारखा “हो” म्हणायचा. शब्द ‘हो’ होता, पण मान, भुवया, मिशी, पोटऱ्या, सगळे एकमुखाने ‘नाही’ ओरडत होते. असा ‘हो’ शिकागोत कुणी कधी पाहिला नव्हता.

मग एक क्षण असा आला की आणण्यासारखं कुणाला काही सुचेना. डेझमंडने तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. पंखा पुन्हा ऐकू येणार, इतक्यात फ्लोरियन स्वतः म्हणाला,

“आणि मी चर्चची घंटा मागवलीय.”

“घंटा?” ओडालिसला खरंच धक्का बसला.

“मोठी. मनोऱ्यासकट,” फ्लोरियन म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू असं काही पसरलं जे म्हातारीच्या नवऱ्याला उचलताना कधी पसरलं नव्हतं. “आणि आता सगळे नाचा. एकदम! मध्यभागी! उड्या मारा!”

पोल्का सुरू झाला. सारे उड्या मारू लागले, आणि तिसऱ्या उडीला, कुणी न सांगता, सगळेच्या सगळे कडकड आवाज करत खाली कोसळले. नवरी, आजी, बँड, टब, सगळं एकमेकांवर. उभा राहिला एकटा फ्लोरियन, एका हाताने नसलेला कठडा धरून. त्याने खालचा ढिगारा शांतपणे पाहिला. मग प्रेक्षकांकडे पाहून म्हणाला,

“मला हेच म्हणायचं होतं.”

ल्यूथरने दिवे घालवले. काळोखात टाळ्यांचा आणि शिट्ट्यांचा नुसता गदारोळ झाला, आणि त्या सगळ्यावर ताण करत तिसऱ्या रांगेतून एक आवाज आला, “आठवलं! मधमाश्या! फ्लो, मधमाश्या!”

लोक गेले. स्टॅशला मार्लीनने दंडाला धरून नेलं. फ्लोरियन नेहमीसारखा खुर्च्या लावू लागला, पण तीच ती खुर्ची तीनदा लावत होता. योलँडा त्याच्याशी एक शब्द न बोलता मागच्या दाराने बाहेर गेली होती. ‘नाही’ त्याने म्हटलं नव्हतं हे खरं. पण जे केलं होतं ते ‘नाही’पेक्षा वाईट होतं, हे त्यालाही माहीत होतं.

“फ्लो!” ओडालिसने दारातून हाक मारली. “बाईंनी बोलावलंय.”

“गुडघा...” तो म्हणाला.

“आत्ता गुडघे टेकून फळीला कान लावत होतास! चल!”

तो दारापर्यंत गेला आणि उंबऱ्यावर थांबला. जूनमधला दिवस मोठा, उजेड अजून भरपूर होता. समोर पोर्चवर सगळा चमू दाटीवाटीने उभा, शिवाय कुणाकुणाचे मित्र, हातात बाटल्या. मधोमध योलँडा.

“डुडेक,” ती म्हणाली. “आत आज काय झालं ते मला माहीत आहे. ती चोरी होती. तुला आमच्याबरोबर उभं राहायचंय का? मग इथे ये आणि सगळ्यांसमोर सांग.”

फ्लोरियनने पाऊल उचललं. आणि त्याची नजर खाली गेली. तीन वर्षं चुकवलेली नजर ती, एका क्षणात गेली. कठड्याकडची तुळई खांबापासून बोटभर सुटली होती. तिच्यावर काळी ओल होती. ही हवा नव्हती. त्याने वर पाहिलं, माणसं पाहिली, आणि त्याला विचार करायला वेळच मिळाला नाही.

“नाही!” फ्लोरियन म्हणाला.

डेझमंडच्या चेहऱ्यावरून हसू घसरलं. ओडालिसने कपाळाला हात लावला. ज्या एका शब्दावर त्याची जागा लटकली होती तो शब्द, योलँडाच्या तोंडावर, तिच्या प्रश्नाच्या उत्तरात!

“आत या,” फ्लोरियन म्हणाला. त्याचा आवाज पडला होता, पण खांदे पडलेले नव्हते. “एकेक करून. उड्या नाही, धावायचं नाही. डेझमंड, तू हलू नकोस, तू वजनदार आहेस, सगळ्यात शेवटी ये. बाई, आधी तुम्ही. भिंतीच्या कडेने.”

कुणीतरी खिदळलं. “काय अभिनय आहे!”

योलँडा हसली नाही. ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती. सातवीच्या पोरांचं खरं आणि खोटं ओळखण्यात जिची हयात गेली, तिला हा चेहरा वाचायला किती वेळ लागणार?

“हो,” योलँडा म्हणाली. “आणि बाटल्या तिथेच ठेवा. ऐकलं ना सगळ्यांनी? डुडेक सांगतोय तसं.”

ती भिंतीच्या कडेने आली. फ्लोरियनने तिला हात दिला. मग ओडालिस, मग बाकीचे, आणि शेवटी डेझमंड, श्वास सोडून. तो उंबऱ्याच्या आत आला तेव्हा मागे कुठेतरी लाकूड कण्हलं. पोर्च पडला नाही. मात्र त्यानंतर कुणी खिदळलं नाही.

फ्लोरियनने दार लावलं, कडी घातली आणि दारापुढे एक खुर्ची ठेवली. पाठ असलेली.

“शनिवारी लाकूड घेऊन येतो,” तो जमिनीकडे बघत म्हणाला. “परवानगीचं मी बघतो. मला हे तीन वर्षांपूर्वीच बघायला हवं होतं. आणि ते मधमाश्यांचं... ती चोरीच होती. मी ल्यूथरकडे जातो.”

“ल्यूथरला त्या खोपटीत दुसरा माणूस मावत नाही,” योलँडा म्हणाली. “मंगळवारी सात वाजता, डुडेक. डोकं रिकामं घेऊन ये. आणि तुझा तो मेहुणा...”

“त्याला घरी ठेवतो.”

“नाही,” योलँडा म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले. तिच्या तोंडून असं ठणठणीत ‘नाही’ कुणी ऐकलं नव्हतं.

“त्याला पहिल्या रांगेत बसव,” ती म्हणाली. “असा शब्द आम्हाला आजवर कुणी दिला नव्हता.”

डेझमंड हात पसरून धावत आला. फ्लोरियनने आधी पायाखालची फरशी टाचेने दाबून पाहिली आणि मगच त्याला येऊ दिलं.